काचेच्या महालातल्या सहा रायफली

अमेरिकेने जागा मागितली ऐसपैस आणि ती भरायला माल आणला मूठभर. 1 मे 1851 रोजी लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या महालाचे दरवाजे उघडले, तेव्हा पूर्वेच्या टोकाचा अमेरिकन विभाग बराचसा रिकामाच दिसत होता. वर पंख पसरलेला भलाथोरला गरुड आणि त्याच्या छायेत इकडे एक टेबल, तिकडे एक टेबल. ‘पंच’सारख्या विनोदी साप्ताहिकाला आणखी काय हवे होते! फ्रान्सने रेशीम आणि चिनी मातीची भांडी मांडली होती, हिंदुस्थानातून आलेला कोहिनूर सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता, आणि अमेरिकेने काय आणले, तर रबराच्या वस्तू, पीक कापायचे एक बेढब यंत्र, बेड्या घातलेल्या ग्रीक गुलाम तरुणीचा संगमरवरी पुतळा आणि काही बंदुका-पिस्तुले.

या बंदुकांत सहा रायफली होत्या. व्हरमाँट राज्यातल्या विंडसर नावाच्या लहानशा गावातून त्या आल्या होत्या. बनवणाऱ्या कंपनीचे नाव रॉबिन्स अँड लॉरेन्स. अमेरिकी लष्कराचा 1841 सालचा नमुना, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळेची मढवणी, तपकिरी केलेली नळी. नक्षी नाही, सोन्याचांदीचे काम नाही. पलीकडे लंडन, पॅरिस आणि लिएजच्या कारागिरांनी शिकारीचे देखावे कोरलेल्या, हस्तिदंत जडवलेल्या बंदुका मांडल्या होत्या. त्यांच्या शेजारी या सहा म्हणजे लग्नाच्या मांडवात शाळेच्या गणवेशात आलेली सहा मुले. एक पाहिली की बाकीच्या पाच पाहायचे कारणच उरत नव्हते, इतक्या त्या एकसारख्या होत्या. त्यांचा सगळा गुण या एकसारखेपणातच होता आणि तो डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता. दहा-बारा वर्षांत या गुणाने इंग्लंडचा बंदुकीचा धंदा उलटापालटा केला.

पण शांततेच्या या उत्सवात बंदुका आल्याच कशा, हे आधी पाहू.

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट या प्रदर्शनाचे मुख्य पुरस्कर्ते. साऱ्या राष्ट्रांनी आपापले हुन्नर एका छपराखाली आणले, एकमेकांचा माल पाहिला, व्यापार वाढवला, की लढायचे कारणच उरणार नाही, अशी त्या काळच्या शिकलेल्या इंग्रजांची मनापासून समजूत होती. सुमारे 14 हजार प्रदर्शकांनी लाखभर वस्तू मांडल्या, साडेपाच महिन्यांत 60 लाखांवर तिकिटे खपली. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये शांतता परिषदही भरली. आणि या सगळ्यात प्रदर्शनाच्या 30 वर्गांपैकी आठवा वर्ग होता नौकाबांधणी, लष्करी बांधकाम, तोफा, शस्त्रे आणि चिलखतांचा. म्हणजे बंदुका चोरून शिरल्या नव्हत्या, त्यांना रीतसर आमंत्रण होते. बंदूक म्हणजे लोखंडकामातल्या कसबाची परीक्षा. तिने माणूस मरतो हा भाग प्रदर्शनापुरता बाजूला ठेवायचा. मला यात ढोंग दिसत नाही. पस्तीसएक वर्षे मोठे युद्ध न पाहिलेल्या लोकांचा भाबडा भरवसा दिसतो. वॉटर्लूच्या लढाईचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन उद्घाटनाच्या दिवशीच 82 वर्षांचा झाला होता आणि या काचेच्या महालात तो पुन्हापुन्हा फेरफटका मारायला येत असे. लढाई म्हणजे आता ते म्हातारे गृहस्थ, असेच लोकांना वाटत असावे.

अमेरिकन विभागातल्या बंदुकवाल्यांत लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र विंडसरचा कोणी नव्हे. तो होता कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा सॅम्युएल कोल्ट. वय 37. एकदा कारखाना काढून 1842 मध्ये दिवाळखोरीत गेलेला, मग मेक्सिकोच्या युद्धात हजार रिव्हॉल्व्हरांची सरकारी मागणी मिळाल्यावर पुन्हा उभा राहिलेला. माल विकण्याची कला त्याच्या अंगातच होती. इतरांनी निवडक चार-सहा नग काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवले, तर कोल्टने शेकडो रिव्हॉल्व्हर ढाल-तलवारींच्या थाटात भिंतीवर मांडली. येईल त्याच्या हातात पिस्तूल द्यायचे, घोडा मागे ओढून दाखवायचा, गोळ्यांचे चक्र कसे फिरते ते दाखवायचे. प्रिन्स अल्बर्टलाही त्याने आपले रिव्हॉल्व्हर भेट दिले. आजच्या कुठल्याही मोटारींच्या प्रदर्शनात जे चालते त्याची बाराखडी या माणसाने तेव्हा गिरवून ठेवली आहे.

लंडनच्याच रॉबर्ट ॲडम्सचे नवे रिव्हॉल्व्हर त्याच प्रदर्शनात होते. कोल्टच्या पिस्तुलात प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा ओढावा लागे. ॲडम्सच्या पिस्तुलात चाप दाबला की घोडाही उठे, चक्रही फिरे आणि बारही उडे. शिवाय त्याचा सांगाडा एकसंध, वरून बंद, म्हणून भक्कम. अंगावर धावून येणाऱ्या माणसापुढे उभे राहायचे असेल, तर बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांना ॲडम्सचेच पिस्तूल बरे वाटे, आणि ते चुकत होते असे म्हणवत नाही. म्हणजे निव्वळ वस्तू म्हणून पाहिले तर कोल्ट निर्विवाद पहिला नव्हता. पण ॲडम्सचे पिस्तूल हाताने घडवलेले होते, कोल्टचे यंत्रांनी.

हा फरक कळायला तेव्हा बंदूक बनत कशी असे ते थोडे बघायला हवे.

इंग्लंडमध्ये बंदुकीचे मोठे ठिकाण बर्मिंगहॅम. तिथे बंदुकीचा म्हणून एक कारखाना नव्हता, बंदुकीचा मोहल्ला होता. नळी घडवणारा एक, ती आतून पोखरणारा दुसरा, घासणारा तिसरा. चापाचे भाग एकाकडे, त्यांची जुळणी दुसऱ्याकडे, दस्ता कोरणारा आणखी कोणी, स्क्रू करणारा वेगळा, पितळी मढवणीवाला वेगळा. अर्धवट झालेले भाग टोपल्यांत घालून पोरे या गल्लीतून त्या गल्लीत पळवत. शेवटी ते सगळे जुळणाऱ्याच्या हातात येत आणि मग खरे काम सुरू होई कानशीचे. हा भाग त्यात बसत नाही, घास. अजून बसत नाही, आणखी घास. बसला! मग तो त्याच बंदुकीचा, दुसऱ्या कुठल्याही बंदुकीला तो लागणार नाही. म्हणून भागांवर खुणा करून ठेवत, मेळ्यात पोरांच्या हातावर नाव लिहितात तशा. आपल्याकडच्या लोहारांचे, शिकलगारांचे कामही याच जातीचे. प्रत्येक वस्तू नवी, तिचे माप तीच.

शिकारी साहेबाला असली बंदूक पुरते, किंबहुना तिचाच त्याला अभिमान असतो. पण पलटणीचे काय? मोहिमेवर एका शिपायाच्या बंदुकीचा घोडा मोडला आणि दुसऱ्याच्या बंदुकीची नळी फुटली, तर या दोन निकामी बंदुकांतून एक चालती बंदूक उभी राहत नाही. कसबी माणूस बोलवा, कानस आणा, वेळ द्या. तेवढा वेळ शत्रू देईल असे नाही.

विंडसरच्या सहा रायफलींची गोष्ट इथे आहे. सहाही उघडा, भाग एका ढिगात कालवा, डोळे मिटून कोणताही घोडा, कोणतीही कमान, कोणताही स्क्रू उचला आणि पुन्हा सहा रायफली जोडा. कानस लागत नाही. आज सायकलच्या दुकानात जाऊन ‘याच मापाचा नट द्या’ म्हणताना आपल्याला काही वाटत नाही. 1851 मध्ये बंदुकीबद्दल असे म्हणणे बढाईच वाटले असते.

कल्पना अमेरिकन नव्हती. ओनोरे ब्लाँ या फ्रेंच बंदूक कारागिराने 1785 मध्ये ती करून दाखवली होती. तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील असलेल्या थॉमस जेफरसनने ब्लाँच्या कारखान्यात स्वतः हाताने सुट्या भागांतून चापाचे संच जुळवले आणि मायदेशी तसे कळवले. फ्रान्समध्ये ती गोष्ट मागे पडली. अमेरिकेत सरकारी शस्त्रागारांनी ती पन्नास वर्षे, भरपूर सरकारी पैसा ओतून, चिकाटीने पुढे रेटली. हार्पर्स फेरीला जॉन हॉलने 1820 च्या दशकात अदलाबदल होणाऱ्या भागांच्या रायफली काढल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराने हीच रीत मस्केटींना लावली. त्यामागचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. एक नमुना बंदूक कायमची कपाटात ठेवायची. तिच्यावरून प्रत्येक भागाची पोलादी मापे, म्हणजे गेज, तयार करायची. भाग यंत्रात पकडायचे साचे असे करायचे, की कारागिराला वाटले तरी चूक करता येऊ नये. मग दात असलेल्या फिरत्या चक्रांनी लोखंड कापणारी मिलिंग यंत्रे लावायची. आणि भाग शेजारच्या भागात बसतो का हे न पाहता गेजमध्ये बसतो का तेवढेच पाहायचे. या शेवटच्या वाक्यात सगळे आले. दोन भागांची गाठ एकमेकांशी घालायची नाही, दोघांची गाठ एका तिसऱ्याशी, मापाशी घालायची.

रॉबिन्स अँड लॉरेन्सला 1845 मध्ये सरकारकडून 10 हजार रायफलींचे काम मिळाले होते आणि त्यांनी ते मुदतीच्या बरेच आधी पुरे केले. त्यांच्याकडचा फ्रेडरिक हाऊ हा यंत्रे रचण्यात पटाईत. त्यांच्या कारखान्याची विटांची इमारत विंडसरच्या ओढ्याकाठी अजून उभी आहे, आता तिथे यंत्रांचे संग्रहालय आहे.

प्रदर्शनाच्या परीक्षकांनी या सहा रायफलींना पदक दिले. पण पदकांचे काय, ती जवळजवळ 3 हजार वाटली गेली होती. खरा गाजावाजा कोल्टचाच झाला. नोव्हेंबर 1851 मध्ये त्याला लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने निबंध वाचायला बोलावले. तिथे त्याने पिस्तुलाइतकेच पिस्तूल बनवण्याविषयी सांगितले. हिशोब असा मांडला, की हत्याराची किंमत 100 धरली तर यंत्रांवर उभ्या राहणाऱ्यांची मजुरी 10, जुळणी आणि शोभेचे काम करणाऱ्या उत्तम कारागिरांची 10, आणि उरलेले 80 यंत्रांच्या कामाचे. समोर बसलेल्या इंजिनिअरांना यंत्रांचे नवल नव्हते, इंग्लंड यंत्रांचेच घर होते. पण बंदुकीसारखी वेडीवाकडी, वळणावळणाची वस्तू यंत्राने निघते हे त्यांना पचायला जड गेले.

मग कोल्टने ते लंडनमध्येच करून दाखवायचे ठरवले. थेम्सच्या काठी पिम्लिकोला, व्हॉक्सहॉल पुलाजवळ, 1853 मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. यंत्रे अमेरिकेतून आणली. यंत्रांवर जी माणसे ठेवली त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात बंदूक बनवलेली नव्हती. त्यांत मुलीही होत्या. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात या कारखान्याचे वर्णन छापून आले. जेम्स नॅस्मिथ हा वाफेच्या घणाचा जनक, स्वतः काचेच्या महालातला एक मानाचा प्रदर्शक. हा कारखाना पाहून आपली मान खाली गेली, अशा अर्थाची साक्ष त्याने 1854 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे दिली. एका कसलेल्या इंग्रज यंत्रकाराच्या तोंडून हे यावे ही लहान गोष्ट नाही.

त्याच समितीपुढे एक खोडसाळ सत्यही बाहेर आले. कोल्टकडे पूर्वी काम केलेल्या एकाने साक्षीत सांगितले, की कोल्टच्या पिस्तुलांचे भाग कानस न लावता एकमेकांना बसतात हे काही खरे नाही. पोलादाला कडकपणा देताना भाग थोडे वेडेवाकडे होतात आणि मग घासावे लागतात. म्हणजे अदलाबदलीचा डंका पिटणाऱ्याच्या मालात ती पुरी उतरली नव्हती. जिच्या रायफलीत ती उतरली होती, ती विंडसरची कंपनी मात्र गाजावाज्यात कुठेच नव्हती. बाजारात असे होतेच.

इंग्रज सरकारला हे सगळे ऐकायची निकड एव्हाना जाणवू लागली होती. लष्कराने 1853 मध्ये नवी रायफल मुक्रर केली होती, एन्फील्ड नमुन्याची. पण बर्मिंगहॅमचे ठेकेदार ती वेळेवर देईनात. मागणी वाढली की भाव वाढे, कारागीर अडून बसत. तेवढ्यात क्रिमियाचे युद्ध पेटले. शांततेच्या महोत्सवाला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती.

एका प्रदर्शनाने सुरू केलेले काम दुसऱ्या प्रदर्शनाने पुढे नेले, तेही अपघाताने. न्यूयॉर्कने 1853 मध्ये लंडनच्या धर्तीवर आपलाही काचेचा महाल बांधला. इंग्लंडने पाहणीसाठी माणसे पाठवली, त्यांत जोसेफ व्हिटवर्थ आणि जॉर्ज वॉलिस होते. व्हिटवर्थ म्हणजे स्क्रूच्या आट्यांना ठरावीक माप लावून देणारा, अचूकपणाचे वेड असलेला माणूस. ही मंडळी न्यूयॉर्कला उतरली तर प्रदर्शन तयारच नव्हते! खिळे ठोकणे, काचा बसवणे चालू. मग हात चोळत बसण्यापेक्षा ते कारखाने पाहायला बाहेर पडले. प्रदर्शन वेळेवर उघडले असते, तर त्यांनी काचेच्या कपाटातल्या वस्तू पाहिल्या असत्या. उशीर झाला म्हणून त्या वस्तू जिथे जन्मतात ती जागा पाहिली.

त्यांच्या अहवालानंतर 1854 मध्ये लष्करी यंत्रांचा जाणकार जॉन अँडरसन दोन अधिकाऱ्यांसह अमेरिकेला गेला. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात त्यांनी 1844 ते 1853 या दहा वर्षांतली दर वर्षाची एक अशा दहा मस्केटी निवडल्या. स्वतःच निवडल्या, हे महत्त्वाचे. त्या उघडायला लावल्या आणि भाग पेटीत एकत्र कालवले. मग एका कामगाराला एकेक भाग हाती देत गेले. त्याने नुसत्या स्क्रूड्रायव्हरने दहाही मस्केटी पुन्हा उभ्या केल्या. 1844 ची नळी, 1850 चा घोडा, 1847 ची कमान, असा काहीही मेळ, आणि सगळे जागच्या जागी. कोणत्याही दालनात मांडलेल्या कोणत्याही बंदुकीने एवढी खात्री पटवली नसती.

अँडरसनच्या मंडळाने तिथल्या तिथे खरेदी केली. बंदुकांची नाही, बंदुका बनवणाऱ्या यंत्रांची. दस्ते कोरणारी यंत्रे एम्स कंपनीकडून, लोखंड कापणारी रॉबिन्स अँड लॉरेन्सकडून. यंत्रांबरोबर माणूसही आला: हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात मुरलेला जेम्स बर्टन एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचा मुख्य इंजिनिअर झाला. त्या यंत्रांवरून एकसारख्या रायफली पडू लागेपर्यंत 1857 उजाडले, आणि क्रिमियाचे युद्ध तोवर आटोपलेही होते.

विंडसरच्या कंपनीचे पुढे काय झाले? त्यांना युद्धासाठी 25 हजार एन्फील्ड रायफलींचे काम मिळाले, आणखी लाखोंची आशा दाखवली गेली. त्या भरवशावर त्यांनी यंत्रे वाढवली, कर्ज काढले. युद्ध संपले, पुढची मागणी आली नाही, आधीची वेळेत पुरी झाली नाही, आणि कंपनी बुडाली. हे काम त्यांना देणारी मध्यस्थ पेढी होती फॉक्स, हेंडरसन अँड कंपनी. वाचकाला हे नाव ठाऊक असायचे कारण नाही, पण हाइड पार्कातला काचेचा महाल ज्या ठेकेदारांनी उभारला ते हेच. 1856 मध्ये तेही बुडाले. पिम्लिकोचा कोल्टचा कारखानाही त्याच सुमारास बंद पडला. एन्फील्डमध्ये मात्र यंत्रे फिरत राहिली.

हिंदुस्थानात एन्फील्ड हे नाव कुणाला अपरिचित नाही. 1857 च्या सुरुवातीला डमडमच्या छावणीतून जी कुजबुज पसरली ती याच रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीची. तोवर इकडे आलेल्या रायफली बहुतेक जुन्या पद्धतीने, ठेकेदारांकडून घडवून घेतलेल्या. नव्या यंत्रांचा माल नंतरचा. पण आपल्याकडची गोष्ट आणखी एका वाटेने त्या काचेच्या महालाशी जोडलेली आहे. लंडनच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या, त्यांच्या जोडप्रतींतून मुंबईत एक सरकारी संग्रहालय निघाले. ते फोर्टातल्या टाउन बराकीत होते. 1857 चा उठाव झाला, बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि संग्रहालयाचे बिऱ्हाड उठले. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून भायखळ्याला नवी इमारत उभी राहिली आणि 1872 मध्ये उघडली. आज तिला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. राणीच्या बागेत पोरांना घेऊन जाणारे बहुतेक जण तिच्यावरून जातात, आत शिरणारे थोडे.

काचेच्या महालात हिंदुस्थानी शस्त्रेही होती: कट्यारी, तलवारी, कोफ्तगरीने, म्हणजे पोलादावर सोन्याचांदीची तार ठोकून केलेल्या नक्षीने, सजवलेल्या तोड्याच्या बंदुका. बघणारे त्यांच्या नक्षीवर खूष होते. हाताने घडवलेली, एकासारखी दुसरी नसलेली बंदूक म्हणजे कलावस्तू, हे ज्या देशाने हिंदुस्थानच्या दालनाकडे पाहून ठरवले, तोच देश त्याच दशकात स्वतःच्या हातघडणीच्या बंदुका मोडीत काढत होता. पुढे 1878 च्या कायद्याने तर हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगायचीच बंदी झाली.

प्रदर्शनाचा उपयोग अगदी वेगळ्या तऱ्हेने करणारा आणखी एक गडी 1851 मध्येच लंडनला आला होता. जर्मनीतल्या एसेनचा आल्फ्रेड क्रुप. शेफील्डवाल्यांनी ओतीव पोलादाचा 24 हंड्रेडवेटचा ठोकळा अभिमानाने मांडला होता. क्रुपने 43 हंड्रेडवेटचा, म्हणजे दोन टनांहून जास्त वजनाचा, एकसंध ठोकळा आणून ठेवला. जोडीला तंबूखाली चकचकीत पोलादी तोफ. तोफा तेव्हा काशाच्या किंवा बिडाच्या असत. पोलादी तोफ म्हणजे शोभेची चीज वाटली. सर्वांत मोठे पदक मिळाले, पण तोफेला गिऱ्हाईक कितीतरी वर्षे मिळाले नाही. प्रशियाच्या सरकारने 300 तोफांची मागणी दिली ती 1859 मध्ये. मधल्या काळात पैसा दिला आगगाडीच्या चाकांच्या बिनसांध्याच्या पोलादी धावांनी. क्रुपचे बोधचिन्ह तीन कड्यांचे आहे. ती कडी तोफांची तोंडे आहेत असे पुष्कळांना वाटते. ती आगगाडीच्या धावा आहेत.

तोफ मात्र क्रुपने सोडली नाही. दर प्रदर्शनाला ठोकळा मोठा होई आणि तोफही. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने 40 टनांचा ठोकळा आणि 50 टनांची तोफ मांडली. पॅरिसकरांनी तिच्याभोवती गर्दी केली, अजस्र म्हणून कौतुक केले. फ्रेंच लष्कराची गुप्त मशीनतोफ, मित्रायूझ, त्याच काळात कडेकोट बंदोबस्तात तयार होत होती. मला गंमत वाटते ती इथे. ज्या हत्यारावर भिस्त होती ते फ्रान्सने झाकून ठेवले, आणि जे उघड्यावर मांडले होते त्याच्याकडे देखावा म्हणून पाहिले. पुढे प्रशियाशी युद्ध जुंपले, आणि जानेवारी 1871 मध्ये पॅरिसवर गोळे पडू लागले ते एसेनच्या पोलादी तोफांतून. प्रदर्शनातली ती राक्षसी तोफ त्यांत नव्हती, मैदानात होत्या त्या तिच्या धाकट्या, हलक्या बहिणी. क्रुपची प्रदर्शने त्यानंतरही चालूच राहिली. ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत 1893 मध्ये विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात मिशिगन सरोवराच्या काठी क्रुपचा स्वतंत्र मंडप होता आणि त्यात शंभर टनांहून जड तोफ.

अमेरिकेने स्वतःच्या शंभरीनिमित्त 1876 मध्ये फिलाडेल्फियाला प्रदर्शन भरवले, तेव्हा बंदुकवाल्यांचा मेळाच जमला. कोल्ट, विंचेस्टर, स्मिथ अँड वेसन, गॅटलिंग, रेमिंग्टन. विंचेस्टरने त्या वर्षी काढलेल्या रायफलीला ‘सेंटेनियल’ म्हणून ओळखतात. प्रदर्शन ऐन भरात असताना, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पूर्वेकडच्या शहरांत बातमी थडकली: माँटॅनात लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकी लष्करातल्या कस्टर नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी सू आणि शायान योद्ध्यांनी कापून काढली. सैनिकांकडे एकबारी कार्बाइनी होत्या, आणि समोरच्यांपैकी काहींच्या हातात विंचेस्टर आणि हेन्री बनावटीच्या एकामागून एक बार काढणाऱ्या रायफली.

रेमिंग्टनच्या मालात मात्र रायफलींखेरीज आणखी एक चीज होती. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावची ही कंपनी. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या रायफलीने नाव काढले आणि त्याच वर्षी डेन्मार्कने ती आपल्या लष्करासाठी घेतली. पण देशातले यादवी युद्ध संपल्यावर घरची मागणी आटली आणि यंत्रांना काम हवे होते. गेज, मिलिंग यंत्रे, अदलाबदलीचे भाग, हा सगळा सरंजाम बंदुकीचाच असला पाहिजे असे थोडेच आहे? कंपनीने आधी शिवणयंत्रे काढली. मग 1873 मध्ये शोल्स नावाच्या माणसाचे लिहिणारे यंत्र बनवायला घेतले. ते शिवणयंत्राच्या विभागात तयार होई, म्हणून त्यावर रंगीत फुले रंगवलेली असत आणि ओळ संपली की शिवणयंत्रासारखे पायटे दाबावे लागे. फिलाडेल्फियात ते मांडले तेव्हा लोक थोडा वेळ थबकत आणि पुढे जात. त्यांना बेलचा टेलिफोन आणि कॉर्लिसचे अवाढव्य वाफेचे इंजिन पाहायचे होते. दहा वर्षांनी, 1886 मध्ये, कंपनीने टाइपरायटरचा धंदा विकून टाकला, कारण बंदुकीच्या धंद्यात ती बुडत चालली होती.

नाव मात्र टाइपरायटरलाच चिकटले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत टायपिंगच्या क्लासात, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, दहा-दहा यंत्रे एकाच वेळी खडखडत आणि मुले बोटे दुखेपर्यंत मराठी चाळीसच्या परीक्षेची तयारी करत. कळफलक कोणता, असे विचारले की ती सांगत, रेमिंग्टन. दांडा तुटला तर क्लासवाले सर दुसऱ्या मोडक्या यंत्रातला काढून तो त्यात बसवत. कानस लागत नसे.